लावला का ऑक्सिजन?

हार्ट अटॅकच्या पेशंटला ऑक्सिजन न लावणं हे आमच्या कामातलं सर्वांत अवघड काम आहे, असं म्हटलं तर सीसीयूबाहेरच्या, म्हणजे हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागाबाहेरच्या, माणसाला ते विचित्र वाटेल. ॲस्पिरिन चावायला देणं, दहा मिनिटांच्या आत इसीजी काढणं, शॉकचं मशीन कॉटजवळ ओढणं हे सगळं हात आपोआप करतात. रक्तातल्या ऑक्सिजनचं सॅच्युरेशन 96 दिसत असताना भिंतीवरच्या फ्लोमीटरकडे निघालेला हात आवरायला मात्र अजून जोर लावावा लागतो. नर्सिंगच्या नव्या मुली शिकायला येतात तेव्हा हे जास्त बोचतं, कारण त्या पुस्तकात नवं वाचून येतात आणि आमच्याकडे बघून जुनं उचलतात.

जुन्याची मुळं खोल आहेत. चार्ल्स स्टील या डॉक्टरांनी 1900 साली छातीतली तीव्र कळ ऑक्सिजनने उतरल्याचं ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिलं. तर्कही पटण्यासारखा होता : हृदयाला प्राणवायू कमी पडतोय, तर तो वाढवा. पण रक्तातलं हिमोग्लोबिन 96 टक्के भरलेलं असेल तर वरून ओतलेला ऑक्सिजन त्यात फारसा मावत नाही, आणि गुठळीने बंद झालेली रक्तवाहिनी त्याने उघडत नाही. उलट रक्तात ऑक्सिजन जादा झाला की हृदयाच्या रक्तवाहिन्या आकसतात. रॉल्स आणि केनम्युअर यांनी 1976 मध्ये हार्ट अटॅकच्या पेशंटांवर ऑक्सिजनचा उपयोग तपासला, तेव्हा ऑक्सिजन घेतलेल्या 80 जणांपैकी 9 दगावले, साधी हवा घेतलेल्या 77 पैकी 3. आकडे लहान, योगायोग असू शकतो, हे खरं. पण असा योगायोग एखाद्या गोळीच्या बाबतीत दिसला असता तर ती गोळी पुन्हा तपासल्याशिवाय कोणी दिली नसती. ऑक्सिजन मात्र चालूच राहिला. पुढे 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत ऑक्सिजनचा मास्क लावलेल्यांच्या हृदयाला जास्त इजा झाल्याच्या खुणा मिळाल्या, आणि 2017 मध्ये स्वीडनमध्ये 6,629 पेशंटांवर हिशेब झाला : सॅच्युरेशन 90 किंवा वर असेल तर मिनिटाला सहा लिटर ऑक्सिजन देऊन वर्षभरातल्या मृत्यूंत काही फरक नाही. दोन्ही गटांत शंभरात साधारण पाच. त्याच वर्षी युरोपच्या मार्गदर्शक सूचनांनी 90 च्या खाली असेल तरच द्या, असं सांगितलं.

यावर सहकारी विचारतात, स्वीडनमध्ये फायदा नाही तसा तोटाही दिसला नाही, मग पेशंटला धीर येत असेल तर बिघडलं कुठे? बिघडतं ते आमच्या नजरेत. मास्कखालचा माणूस नीट बोलत नाही. कळ जबड्याकडे सरकली, मळमळतंय, हे तो वेळेवर सांगत नाही. उलटी झालीच तर ती मास्कमध्ये होते. त्याहून वाईट म्हणजे फुप्फुसात पाणी भरू लागलं तरी ऑक्सिजनवरचा आकडा 98 दाखवत राहतो. श्वास मिनिटाला 18 वरून 28 वर गेलेला असतो, पण श्वास मोजतो कोण? मॉनिटर आल्यापासून ती कला गेलीच आहे. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे : गार, घामेजलेल्या बोटावरचा सॅच्युरेशन मोजणारा क्लिप खोटं बोलतो, आणि काळ्या त्वचेवर तो आकडा चढवून दाखवतो असं अमेरिकेतल्या पाहणीत दिसलं आहे. मान्य. पण त्यावर उपाय सरसकट मास्क हा नाही. हात ऊबदार करावा, क्लिप कानाच्या पाळीला लावून पाहावा, ओठ-जीभ बघावी, शंका उरली तर धमनीतलं रक्त तपासायला पाठवावं.

नातेवाइकांना द्यायचं उत्तर इतकं सोपं नाही. 2021 च्या कोरोनाच्या लाटेत महाराष्ट्राने सिलिंडरमागे रात्र-रात्र धावणारी माणसं पाहिली. त्या एप्रिलमध्ये नाशिकच्या झाकिर हुसेन रुग्णालयात टाकीची गळती होऊन पुरवठा खालावला आणि व्हेंटिलेटरवरची, ऑक्सिजनवरची माणसं गेली. त्यानंतर ‘ऑक्सिजन नको’ हे वाक्य कोणाच्या कानाला सहन होईल? ते कंजूषपणाचं वाटतं, कधी निष्काळजीपणाचं. काही छोटी नर्सिंग होम दारातच मास्क चढवतात आणि मग पेशंट मोठ्या दवाखान्यात पाठवतात. त्यांचा मला राग येतो, कारण नंतर तो काढणाऱ्या आम्ही खलनायिका ठरतो. तरीही खरा अडसर नातेवाईक नाहीत, आमची मिजास आहे. डॉक्टर धावत येतात तेव्हा मास्क लागलेला, सलाईन चालू, सगळं ‘टापटीप’ दिसावं, सिस्टरने सर्व केलंय असं कोणीतरी म्हणावं, याची हौस मलाही सुटलेली नाही. कॉटशेजारी उभं राहून श्वास मोजणं कोणाला दिसत नाही. अँजिओग्राफीसाठी उजवं मनगट मोकळं ठेवून सुई डाव्या हाताला लावली, सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवण्याआधी रक्तदाब आणि इसीजीच्या उजव्या बाजूच्या लीड्स पाहिल्या, याचंही कौतुक होत नाही.

आणि तरी एक पट्टा उरतोच, 90 ते 93 चा. युरोपच्या सूचना तिथे हात आवरायला सांगतात. श्वसनविकारांच्या तज्ज्ञांची ब्रिटिश संघटना सर्वसाधारण पेशंटसाठी 94 ते 98 चं लक्ष्य ठेवते. रात्रपाळीत, आकडा 91 वर थबकलेला असताना, नळीने दोन लिटर सुरू करण्याकडे माझा कल असतो. स्वीडनच्या आकड्यांत त्याला आधार नाही, आणि मुलींनी कारण विचारलं तर मी ब्रिटिशांचं नाव पुढे करते.