तीन मिनिटांची तबकडी ते खिशातले सहाशे तास

१/
मिरजेतील एका घरात लाकडी कपाटाचे तीन कप्पे कॅसेटींनी भरलेले आहेत. एकूण चारशे. प्रत्येकीच्या पाठीवर निळ्या शाईत रागाचे नाव, गायकाचे नाव आणि तारीख. रेल्वेच्या नोकरीतून निवृत्त झालेल्या आजोबांनी तीस वर्षे आकाशवाणीवरून आणि मित्रांच्या संग्रहातून जमवलेले हे धन. कॅसेट वाजवणारे यंत्र आता धड चालत नाही. त्यांच्या सहस्रचंद्रदर्शनाला काय द्यावे, याचा विचार पुण्यात शिकणाऱ्या नातीने केला आणि उत्तर सोपे वाटले : खिशात मावणारा एक म्युझिक प्लेअर. साठवण मोठी हवी आणि आवाज चांगला हवा.

२/
या दोन अटी एकत्र घातल्या की प्रश्न अवघड होतो. तो आजचा नाही. ध्वनिमुद्रणाच्या सुमारे दीडशे वर्षांच्या इतिहासात प्रत्येक पिढीला तो पडला आहे. जास्त वेळ हवा असेल तर आवाजातील काही सोडावे लागते, पूर्ण आवाज हवा असेल तर वेळ सोडावा लागतो. काय सोडले गेले, याचा हिशेब म्हणजेच या साधनांचा इतिहास.

३/
आरंभ कलकत्त्याचा. नोव्हेंबर १९०२ मध्ये ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गायस्बर्ग याने तेथे गौहर जान यांचे गाणे मुद्रित केले. दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मावत. ज्या संगीतात एक राग तासभर उलगडतो, ते संगीत तीन मिनिटांत बसवायचे होते. आलाप आखडला, विस्तार गेला, बंदिश आणि तानांचा अर्क तेवढा उरला.

४/
मिरजेचे नाव येथे आपोआप येते. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ अनेक वर्षे याच गावी राहिले. १९३७ साली त्यांचे निधन झाले आणि येथील दर्ग्याच्या आवारात त्यांना चिरविश्रांती मिळाली. १९३० च्या दशकात त्यांनी ओडियन कंपनीसाठी गायिलेल्या तबकड्या आजही ऐकल्या जातात. आज ज्यांना खाँसाहेब ठाऊक आहेत, त्यांना ते मुख्यतः या तीन-तीन मिनिटांच्या तुकड्यांतून ठाऊक आहेत. साधनाची मर्यादा हळूहळू स्मृतीची मर्यादा होते, ती अशी.

५/
१९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने लाँग प्ले तबकडी आणली आणि एका बाजूचा अवकाश वीस मिनिटांच्या पुढे गेला. १९६३ साली फिलिप्सने कॅसेट आणली. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीत प्रत्येक बाजूस पंचेचाळीस मिनिटे. महत्त्वाचे असे की आता ऐकणारा स्वतः मुद्रण करू शकत होता. मिरजेतील कपाट या एका बदलातून जन्माला आले. त्याची किंमत मात्र होती : फितीची सततची खरखर, आणि बाजू उलटताना निसटणारे काही क्षण.

६/
१ जुलै १९७९ रोजी सोनीचा वॉकमन बाजारात आला. किंमत ३३,००० येन. कंपनीचे सहसंस्थापक मासारू इबुका यांना विमानप्रवासात संगीत ऐकता यावे, म्हणून पत्रकारांच्या एका छोट्या टेपरेकॉर्डरमधून मुद्रणाची सोय काढून टाकून हे यंत्र सिद्ध झाले. पहिल्या वॉकमनला दोन हेडफोनांची सोय होती, कारण एकट्यानेच ऐकत बसणे शिष्टाचाराला धरून होणार नाही असे निर्मात्यांना वाटले. लोकांनी मात्र एकट्यानेच ऐकणे पसंत केले.

७/
१९८२ साली कॉम्पॅक्ट डिस्क आली आणि ध्वनी अंकांत लिहिला जाऊ लागला. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटांचा, डावी-उजवी अशा दोन वाहिन्या. गुणाकार केला तर एका तासाला सुमारे ६३५ एमबी. हा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे, कारण पुढील वीस वर्षांची सारी धडपड या आकड्याशी होती.

८/
जर्मनीत एर्लांगेन येथील फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. मोठ्या स्वरासोबत वाजणारा जवळचा लहान स्वर कानाला ऐकू येत नाही, मग तो साठवावाच कशाला? या तत्त्वावर एमपीथ्री उभे राहिले. कसोटीसाठी त्यांनी सुझॅन व्हेगा या गायिकेचे वाद्यांविना गायिलेले ‘टॉम्स डायनर’ वापरले, कारण एकट्या मानवी आवाजातील बिघाड कान लगेच पकडतो. १२८ किलोबिट वेगाने तासाचे ६३५ एमबी अवघ्या ५८ एमबीवर आले, म्हणजे अकरावा हिस्सा.

९/
१९९८ साली अमेरिकेत डायमंड रिओ हा खिशातला प्लेअर आला. अंतर्गत साठवण ३२ एमबी : एमपीथ्रीची अर्ध्या तासाहून थोडी अधिक. हेच ३२ एमबी सीडीच्या पूर्ण आवाजाने भरले असते तर? जेमतेम तीन मिनिटे. गौहर जान यांच्या तबकडीइतकीच! ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने रिओविरुद्ध दावा लावला, परंतु १९९९ साली अपील न्यायालयाने निकाल रिओच्या बाजूने दिला. आपल्याच संगणकातील संगीत बरोबर नेता यावे म्हणून त्याची प्रत करणे गैर नाही, असा त्याचा आशय. खिशातल्या संगीताला कायद्याची वाट मोकळी झाली.

१०/
पुढचा टप्पा हार्ड डिस्कचा. १९९९ च्या अखेरीस कॉम्पॅकच्या प्रयोगशाळेत घडलेला ‘पर्सनल ज्यूकबॉक्स’ ४.८ जीबीचा होता, तर २००० साली क्रिएटिव्ह कंपनीचा ‘नोमॅड ज्यूकबॉक्स’ ६ जीबीचा. दोन्ही खिशाला जड. २३ ऑक्टोबर २००१ रोजी ॲपलने आयपॉड दाखवला तो तोशिबाच्या १.८ इंची डिस्कच्या बळावर : ५ जीबी, ३९९ डॉलर. हजार गाण्यांचा दावा खरा होता, पण त्यात एक गृहीत दडलेले होते. ‘गाणे’ म्हणजे चार मिनिटे. पन्नास मिनिटांचा बडा ख्याल या मापात बारा गाण्यांची जागा खातो.

११/
यंत्राच्या पोटातही तेच गृहीत होते. फिरती डिस्क बॅटरी खाते, म्हणून आयपॉड एका दमात पुढची गाणी ३२ एमबीच्या तात्पुरत्या स्मृतीत ओढून घेई आणि डिस्क थांबवी. संकोचित संगीत असेल तर ती वीस मिनिटे निवांत राही. पूर्ण आवाजाची फाइल दिली की तीनेक मिनिटांत पुन्हा फिरू लागे आणि बॅटरी लवकर संपे. म्हणजे चांगल्या आवाजाची किंमत जागेतच नव्हे, विजेतही मोजावी लागत होती.

१२/
डिस्क एवढी लहान असूनही एवढी मोठी कशी झाली? अल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबेर्ग यांनी १९८८ साली स्वतंत्रपणे शोधलेल्या एका चुंबकीय परिणामामुळे डिस्कवरील अतिसूक्ष्म खुणा वाचणे शक्य झाले. २००७ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच वर्षी आयपॉड क्लासिक १६० जीबीला पोहोचला. सहा वर्षांत बत्तीस पट. २०१४ साली क्लासिक बंद झाला आणि २०२२ साली आयपॉड हे नावच बाजारातून गेले. फोनने तो व्यवहार गिळला.

१३/
२००१ सालीच आणखी एक गोष्ट घडली होती, फारसा गाजावाजा न होता. ‘फ्लॅक’ नावाची मुक्त पद्धत सिद्ध झाली. ती काहीही वगळत नाही. मूळ फाइल साधारण निम्म्या आकारात घडी घालून ठेवते आणि वाजवताना जशीच्या तशी उलगडते. सोडण्याची सक्ती उरली नाही. हवी होती ती फक्त पुरेशी जागा.

१४/
आता नातीचा हिशेब. चारशे कॅसेटी, प्रत्येकी दीड तास, म्हणजे सहाशे तास. १२८ किलोबिट एमपीथ्रीत ३५ जीबी. सीडीच्या पूर्ण आवाजात ३८० जीबी. फ्लॅकमध्ये दोनशे ते अडीचशे जीबी. खरखर मात्र घडीत नीट बसत नाही, म्हणून जुन्या फितींच्या फाइली अपेक्षेहून मोठ्याच होतात. जे काम २००१ साली अशक्य होते, ते आज नखाएवढ्या ५१२ जीबीच्या मेमरी कार्डात मावते. तेव्हा पहिली कसोटी ठरली : कार्डाची खाच असलेला प्लेअर.

१५/
दुसरी कसोटी आवाजाची, आणि येथे जाहिराती फसवतात. सेकंदाला १,९२,००० नमुने वाचणारे महागडे प्लेअर मिळतात. परंतु ४४,१०० नमुन्यांतच मानवी कानाची सारी कक्षा सामावते. शिवाय मध्यम लहरींवरील रेडिओतून पाच किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही येतच नाही. जे मुळात फितीवर उतरलेच नाही, ते कोणतेही यंत्र परत आणू शकत नाही. खरा फरक पडतो तो अंकांचे पुन्हा ध्वनीत रूपांतर करणाऱ्या चिपच्या शांततेत, ॲम्प्लिफायरच्या स्वच्छतेत आणि सर्वांत अधिक हेडफोनमध्ये. प्लेअरच्या बाहेर पडणाऱ्या वाटेवरचा विद्युतरोध हेडफोनच्या रोधाच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, हा जाणकारांचा साधा नियम. तो पाळला नाही तर काही हेडफोनांत खर्ज-तारेचा तोल ढळतो.

१६/
तिसरी कसोटी जाहिरातीत नसतेच. तासाभराची फाइल मध्येच थांबवली तर पुढच्या वेळी तेथूनच सुरू होते का? दोन तुकड्यांत विभागलेला राग सांधा न दिसता सलग वाजतो का? आयपॉडलाही ही सलगता २००६ साली आली. आणि ऐंशी वर्षांच्या बोटांना चाचपून सापडतील अशी बटणे आहेत का? या तिन्हींना उतरणारा प्लेअर मधल्या किमतीचाच निघाला. वाचलेले पैसे हेडफोनवर गेले.

१७/
प्लेअर एका संध्याकाळी निवडून झाला. कॅसेटी उतरवायला मात्र पाच महिने लागले, कारण सहाशे तासांची फीत सहाशे तासच वाजवावी लागते. वेळ वाचवावा म्हणून नात सुरुवातीचे तंबोऱ्याचे लावणे कापू लागली आणि खरखर पुसणारे सॉफ्टवेअरही तिने लावून पाहिले. रेडिओसमोर मायक्रोफोन ठेवून केलेल्या एका जुन्या मुद्रणात विलंबित ख्यालाच्या ऐन मध्यात एक बारीक आवाज येत होता. सॉफ्टवेअरने तो अडथळा मानून पुसला. मूळ फीत पुन्हा लावल्यावर शब्द कळले : ‘अहो, कॅसेट उलटलीत का?’ ती आजी होती. नातीच्या जन्माआधीच गेलेली. तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेही नव्हता.

१८/
त्यानंतर काही कापले गेले नाही. खरखर राहिली, कुकरची शिट्टी राहिली, बाजू उलटतानाची पोकळीही राहिली. मूळ फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर, दोन वेगळ्या गावी ठेवल्या. प्लेअर हे वाहन आहे, आज आहे, उद्या बिघडेल. संग्रह त्याच्यावर सोपवायचा नसतो.

१९/
समारंभाच्या दिवशी आजोबांनी हेडफोन लावला. ती फाइल आल्यावर त्यांनी बटण दाबून थोडे मागे नेले. मग पुन्हा मागे नेले.
‘आजोबा, आवाज बरा आहे ना?’ नातीने विचारले.
‘बाळ, त्या दिवशी मी कॅसेट उलटायला विसरलो होतो,’ एवढेच ते म्हणाले.

२०/
इतिहासाची आवड असलेल्या प्रत्येकाच्या घरी, मामाकडे वा गावी असे एखादे कपाट असू शकते. फितीवरील चुंबकीय थर काळाबरोबर झिजतो, आणि ती वाजवणारी चांगली यंत्रे दरवर्षी कमी होत आहेत. कोणता प्लेअर घ्यावा, हा प्रश्न थोडा थांबू शकतो. त्यात काय भरायचे आहे, ते मात्र या सुट्टीतच शोधावे, आणि पहिल्या फेरीत काहीही पुसू नये.