मालवाहू अ‍ॅटलास

अ‍ॅटलासचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० ला बंद पडला. नेमका जागतिक सायकल दिन होता. त्यानंतर माझी काळी, २८ इंची चाकांची अ‍ॅटलास भंगारात द्यायला मन होईना. मुलगा म्हणाला, "बाबा, या वयात सायकलने कुठे जाणार?" जाणार होतो गोकुळपेठच्या बाजारात. हातात जड पिशव्या घेऊन चालवत नाही, आणि दर वेळी कुणाला गाडी काढायला सांगणं माझ्या स्वभावात नाही.

मिस्त्रीला म्हटलं, जुन्या पाववाल्यांसारखी पुढे टोपली हवी. "हँडलवर नाही लावत जी गुरुजी. वजन हँडलसंगं फिरते, मंग सायकल ओढते." त्याने टोपलीची चौकट फ्रेमलाच जोडली. हँडल मोकळं वळतं, ओझं जागेवर राहतं. मागे दूधवाल्यांसारखे दोन्ही बाजूंना आकडे. ओझं जितकं खाली, तितका तोल बरा. स्टँड मात्र नवा, रुंद.

ब्रेक तेच, सळईचे. ओल्या रिमवर धरत नाहीत, म्हणून पावसात पुलाच्या उतारावर मी पायी चालतो. मुलाला हे सांगितलेलं नाही.

परवा सूनबाईने पंधरा किलोचं दळण आणायला सांगितलं. मला, मुलाला नव्हे!