डोळ्यांपुढचे काजवे

आपल्या मराठीचा डोळ्यांवर भारी लोभ. डोळे येतात, डोळे निवतात, डोळा लागतो, डोळ्यांत भरते. पण ही सारी अंगणातली वर्दळ. मागच्या माजघरात जो पातळ पडदा असतो, ज्याच्यावर जगाचे चित्र उमटते, त्याची विचारपूस कुणी करीत नाही. त्यालाही बोलता येत नाही. वेदना त्याला ठाऊकच नाही.

आमच्या जवळा बाजारला गेल्या उन्हाळ्यात शेजारच्या पोराच्या डोळ्यावर विटी आडवी बसली. आजीने पदराचा बोळा करून तोंडाच्या वाफेने शेकले. दोन दिवसांत सूज उतरली. पोरगे मात्र म्हणे, "काका, कडेला काजवे चमकतात." घरात हसू पिकले. मला हसू येईना. त्याच्या वडिलांना म्हटले, "भाऊ, आजच परभणी गाठा."

तेथे थेंब घालून बाहुली मोठी केली, तेव्हा पडद्याच्या कडेला चीर निघाली. ती लेसरने डागली आणि डोळा वाचला.

मुका मार बसला की डोळा पुढून दबतो आणि आडवा फुगतो. आतला पडदा ताणला जातो. अशा माराने पांढुरक्या पडलेल्या पडद्याचे वर्णन रुडॉल्फ बर्लिन या जर्मन वैद्याने १८७३ साली केले. बहुधा तो आपोआप निवळतो. पण कधी चीर पडते, तीतून पाणी शिरते आणि पडदा महिन्यांनीदेखील सुटू शकतो. ओढल्या जाणाऱ्या पडद्याला एकच भाषा येते, उजेडाची. म्हणून काजवे!

एका फटक्याने काय होते, ते ललिता पवारांनी सोसले. १९४२ साली चित्रीकरणात बसलेल्या चपराकीने त्यांच्या डाव्या डोळ्याची शीर फुटली, चेहऱ्याला पक्षाघात झाला. तीन वर्षे उपचार चालले. डोळा अधू राहिला तो राहिलाच. नायिकेची कामे सुटली. त्याच बारीक डोळ्याने पुढे त्यांनी पडद्यावरच्या सुनांना धाक घातला आणि १९६१ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळवला. पण अधू डोळ्यातून असे यश काढणारे किती निघणार?

तेव्हा वाचकहो, या सणात चेंडू लागो की फटाका, डोळा चोळू नका, दाबू नका. दुखायचे थांबले तरी डॉक्टरांना दाखवाच. आणि काजवे, काळे ठिपके किंवा कडेची सावली दिसली, तर त्याच दिवशी. घरातले जे माणूस कधी कुरकुर करीत नाही, त्याला आपणच "बरे आहे ना?" म्हणून विचारावे लागते.