आता काय लिहितेस?

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघाले की वाटेत खजाना विहीर लागते आणि दहा-बारा किलोमीटरवर पाली येते. गावाजवळच बिंदुसरेचे धरण आहे. गेली अकरा वर्षे महिन्यातले दोन रविवार मी या वाटेने जाते. पालीला माझी मैत्रीण राहते. आम्ही विद्यापीठात एम.ए.ला एकाच बाकावर होतो. पुढे मी महाविद्यालयात मराठी शिकवू लागले, ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका झाली. मी गेले की ती चहाचे आधण ठेवते आणि माझ्याकडे न बघताच विचारते, "मग, आता काय लिहितेस?"

हा प्रश्न मला किती मोलाचा आहे, हे कळण्यासाठी मला दुसऱ्या एका प्रश्नाविषयी सांगावे लागेल. माझ्या आजाराचे निदान झाले त्याला आता बारा वर्षे झाली. संधिवाताचा हा प्रकार म्हातारपणाच्या झिजेतून येत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणा चुकून स्वतःच्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास बोटे मिटत नाहीत. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्झेट आणि तिच्या जोडीला फॉलिक अॅसिड घ्यायचे. तो दिवस चुकवायचा नाही आणि ती गोळी चुकून रोजही घ्यायची नाही. अधूनमधून रक्त तपासायचे. आजार बरा होत नाही, आटोक्यात राहतो. हे समजल्यापासून स्टाफरूममध्ये, लग्नकार्यात, रस्त्यात भेटणारा प्रत्येक जण विचारतो, "आता तब्येत कशी आहे?" विचारणाऱ्यांच्या मनात माया असते, याविषयी मला शंका नाही. पण ज्या आजाराला शेवट नाही, त्याविषयी रोज नवे उत्तर कोठून आणायचे? काही दिवसांनी माणसे आपल्याला त्या उत्तरापुरतीच ओळखू लागतात. मग आपणही स्वतःला तेवढेच ओळखू लागतो.

निदानानंतरच्या पहिल्या वर्षी मी काहीच लिहिले नाही. फळ्यावर चार ओळी लिहिल्या तरी मनगट सुजत असे. एकदा पालीला गेले असताना मैत्रिणीने शाळेतून उरलेली एक दोनशेपानी वही पुढे ओढली आणि म्हणाली, "तू बोल. मी लिहिते." त्या दिवशी अर्धे पान झाले. पुढे माझे बरेचसे समीक्षालेख, काही कविता आणि एका चर्चासत्राचा निबंध तिच्या गोल, मास्तरी अक्षरात उतरला. आता मोबाइलवर मराठीत बोलले की अक्षरे उमटतात आणि मी ती सोय वापरतेही. पण मोबाइल मी बोलेन ते मुकाट्याने उतरवून घेतो. ती मात्र लेखणी थांबवून म्हणायची, "हे वाक्य तुझं नाही. हे तू वाचलंयस कुठंतरी."

वर्गात नामदेव ढसाळांची कविता शिकवताना ही वही मला हटकून आठवते. 1972 साली आलेल्या ‘गोलपिठा’चा कवी आपण शिकवतो. दलित पँथरचा कवी शिकवतो, त्याची भाषा, त्याची शिवी, त्याचे महानगर शिकवतो. पण 1981मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांना मायस्थेनिया ग्रेव्हिसचे निदान झाले, हे चरित्राच्या तळटीपेत जाते. या आजारात चेतातंतूकडून स्नायूकडे जाणारा निरोप वाटेतच अडतो. स्नायू वापरला की दुबळा होतो, विश्रांती घेतली की थोडे बळ परत येते. पापणी खाली येते, एकाचे दोन दिसू लागते, बोलणे, गिळणे आणि प्रसंगी श्वास घेणेही जड होते. रोजची ताकद मोजून वापरावी लागते. आणि कवितेत तर हा माणूस उधळपट्टीचा कवी! ‘खेळ’, ‘गांडू बगीचा’, ‘या सत्तेत जीव रमत नाही’, ‘तुझे बोट धरून चाललो आहे मी’ आणि 2010मधला ‘निर्वाणाअगोदरची पीडा’ हे सारे संग्रह निदानानंतर प्रसिद्ध झालेले आहेत.

त्यांची आणि दिलीप चित्रे यांची मैत्री अनेक दशकांची होती. एक बडोद्यात जन्मलेला, इंग्रजी-मराठी दोन्ही भाषांत लिहिणारा. दुसरा पूर-कनेरसरच्या महारवाड्यातून मुंबईच्या कामाठीपुऱ्याच्या परिसरात आलेला, टॅक्सी चालवलेला. चित्र्यांनी तुकोबांना ‘सेज तुका’मधून इंग्रजीत नेले, तसेच ढसाळांनाही नेले. 2007मध्ये नवायनने ‘पोएट ऑफ द अंडरवर्ल्ड’ हे पुस्तक काढले. त्याच्या शीर्षकातच 1972 ते 2006 असा कवितांचा काळ दिलेला आहे. या चौतीस वर्षांपैकी पंचवीस आजारातली आहेत. मला महत्त्वाचे वाटते ते हे, की त्या अनुवादात आजारी मित्राला दिलेली सवलत कुठेच दिसत नाही. ढसाळांची भाषा सौम्य केलेली नाही, तिची घाण धुतलेली नाही, तिच्यावर कीव पांघरलेली नाही. मित्राचे शरीर थकत असताना त्याच्या कवितेला पूर्ण ताकदीची कविता म्हणून वागवणे हे मैत्रीचे फार अवघड रूप आहे.

त्याचा अनुभव मी घेतला, तेव्हा तो मला सहन झाला नाही. निदानानंतर चौथ्या वर्षी मी दुखण्यावर नऊ कवितांची एक मालिका रचली. मैत्रिणीने नऊही कविता लिहून घेतल्या आणि वही मिटवली. मी विचारले, "कशा वाटल्या?" ती म्हणाली, "दुखणं खरं आहे. कविता खऱ्या नाहीत. तुझ्या दुखण्याला मी गुण देणार नाही." मी पर्स उचलून निघून आले. पुढचे पाच महिने पालीला गेले नाही. त्या कविता मी एका अंकाकडे पाठवल्या आणि त्या छापून आल्या. अभिनंदनाचे जे फोन आले, त्यांतल्या जवळजवळ प्रत्येकाने शेवटी विचारले, "आता तब्येत कशी आहे?" कविता कोणी वाचलीच नव्हती. सगळ्यांनी माझी केसपेपर वाचावी तशी ती वाचली होती. आणि तशी ती वाचली जावी अशी सोय मीच करून ठेवली होती. पावसाळ्यात मी पुन्हा पालीची वाट धरली. ती दारातच उभी होती. झाल्या गोष्टीचा एक शब्दही न काढता म्हणाली, "धरण भरलंय. बघायला जाऊ, मग बसू."

त्या दिवशी धरणाकडे जाताना ‘इन्फंट इंडिया’चा विषय निघाला. एचआयव्हीसह जगणाऱ्या मुलांसाठी दत्ता आणि संध्या बारगजे या दांपत्याने पालीजवळ उभे केलेले हे घर. भामरागडच्या परिसरात आरोग्यसेवेत असताना आमटे परिवाराच्या कामातून मिळालेली प्रेरणा त्यामागे आहे. आपल्या देशात 2004पासून सरकारी केंद्रांतून एआरटीची औषधे मोफत मिळू लागली आणि या आजाराचा अर्थच पालटला. औषधे नेमाने घेतली तर तो दीर्घकाळ सोबत राहणारा आजार झाला. म्हणजे ‘हे मूल किती दिवस जगेल’ हा प्रश्न मागे पडून ‘हे मूल मोठे होऊन काय करील’ हा प्रश्न आला. मला वाटते, दीर्घ आजार आणि मरणाचा आजार यांतला फरक एवढाच आहे. दीर्घ आजारात भविष्यकाळ शिल्लक असतो आणि तो कशाने तरी भरावा लागतो.

मी बोलून गेले, "यावर काहीतरी लिहायला हवं." मैत्रीण थांबली. म्हणाली, "त्यांच्या दुखण्यावर तू का लिहायचं? त्यांना लिहायचं असेल तर ती लिहितील. तोवर त्यांना पुस्तकं दे." तेव्हापासून आमच्यात ठरलेले आहे, की त्या मुलांच्या कहाण्यांचा आपल्या लेखनासाठी कच्चा माल करायचा नाही. म्हणून येथेही त्या घराविषयी याहून अधिक लिहीत नाही.

या सगळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात यायला नऊ वर्षे लागली, आणि तीही एका विद्यार्थिनीमुळे. मलिका अमर शेख यांचे ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ हे 1984चे आत्मकथन मी शिकवत होते. मलिकाताई ढसाळांच्या पत्नी, शाहीर अमर शेखांची कन्या. पण त्याआधी त्या स्वतः कवयित्री. ‘वाळूचा प्रियकर’ हा त्यांचा संग्रह 1979चा. तास संपताना मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, एका घरात दोघं लिहिणारी असली, तर कुणाचं लिहिणं थांबायचं हे कोण ठरवतं?" मी पाठ्यपुस्तकी उत्तर दिले. घरी येताना मात्र पालीची वही डोळ्यांसमोरून हलेना. एम.ए.च्या वर्षांत माझी मैत्रीण कथा लिहीत असे. तिची एक कथा विद्यापीठाच्या वार्षिकांकात आली होती आणि आमच्या सरांनी ती वर्गात वाचून दाखवली होती. नऊ वर्षे मी तिच्यासमोर बसून बोलत होते, ती लिहीत होती. "आता काय लिहितेस?" हा प्रश्न मी तिला एकदाही विचारला नव्हता.

चित्र्यांचे उदाहरण येथे मला पुरत नाही. अनुवाद करताना ते स्वतः कवी म्हणूनच काम करत होते. त्यांच्या ‘एकूण कविता’ला आणि ‘सेज तुका’ला, दोन्हींना, 1994मध्ये साहित्य अकादमीने गौरवले. मैत्रिणीने मला दिला तो निव्वळ हात होता आणि त्या हाताला स्वतःचेही काही लिहायचे होते. आजारी माणसाला एक अदृश्य अधिकार मिळतो. आपण घेतच राहतो आणि कोणी हिशेब मागत नाही. दुखणे खरे असते, म्हणून घेणेही रास्त वाटते.

पुढच्या रविवारी मी विचारले. ती बराच वेळ गॅसजवळ उभी राहिली. मग म्हणाली, "तू विचारशील असं वाटलं नव्हतं गं." शाळा, सासूबाईंचे अंथरूण, दोन मुले आणि माझे रविवार यांतून कथेला जागा उरली नव्हती. तिने तक्रार केली नाही, आणि त्यामुळेच मला ते अधिक लागले. त्या दिवशी चहा झाल्यावर तिने वही पुढे ओढली नाही. मीही बोलायला सुरुवात केली नाही.

आता दोन रविवारांची वाटणी आहे. एक माझा, एक तिचा. माझे लेखन बहुतेक मोबाइलवर होते. तो मजकूर घेऊन मी पालीला जाते आणि ती तांबड्या पेनाने त्यातले खोटे खुणावते. तिच्या रविवारी ती वाचते, मी ऐकते. मला लिहून घेता येत नाही, म्हणून लक्ष देऊन ऐकावे लागते. मागच्या खेपेला तिने ऊसतोडीला गेलेल्या आईबापांची वाट पाहणाऱ्या मुलीची कथा वाचली. शेवट ओढून आणलेला होता. मी तसे सांगितले. ती गप्प झाली, वही मिटवून आत गेली. मी घाबरले. पाचेक मिनिटांनी ती शेंगदाण्याची ताटली घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "बरं, मग कुठं संपवू?"

बोटे त्या दिवशीही दुखत होती. शेंगा तिनेच फोडून दिल्या.