पिवळ्यावर काळा

दोन रंग एकाच वस्तूवर शेजारी नांदवायचे, तर त्यांच्यामधली रेघ कशी ओढायची? हातात कुंचला धरणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न आज ना उद्या पडतो. भिंतीवर, पाटीवर, बैलगाडीच्या चाकावर रंगारी ती रेघ हाताच्या सवयीने ओढतो. परंतु वीतभर लांबीच्या प्रतिकृतीवर तीच रेघ ओढायची वेळ आली, की हाताची सवय अपुरी पडते. तिथे रेघ ओढून चालत नाही. ती राखावी लागते.

मला हा अनुभव मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीने दिला. वाचकहो, ‘प्रीमियर पद्मिनी’ आपणांस नव्याने सांगायला नको. कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून ‘फियाट ११०० डिलाइट’ तयार होऊ लागली; १९७४पासून तीच गाडी ‘पद्मिनी’ म्हणून ओळखली जाऊ लागली. टप पिवळा आणि खालचे अंग काळे, ही तिची मुंबईतली वेशभूषा. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात झाली. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा असल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३पासून ती शहराच्या रस्त्यावरून अधिकृतपणे अस्तंगत झाली.

माझ्या परिचयाचे एक वृद्ध टॅक्सीचालक आहेत. त्यांची स्वतःची पद्मिनी २०१९ साली भंगारात गेली. छोट्या मोटारी जोडण्याचा आणि रंगवण्याचा माझा छंद त्यांना ठाऊक होता. एके दिवशी ते म्हणाले, “माझी गाडी करून द्या. खेळण्यातली नको, माझी.” त्या ‘माझी’ शब्दात किती अर्थ भरला होता, हे मला पुढे कळले.

ओळखीतल्या एका तरुणाने संगणकावर आकृती बेतून रेझिनचा कोरा सांगाडा छापून दिला. प्रमाण चोविसास एक. खरी गाडी सुमारे ३.९ मीटर लांब. म्हणजे प्रतिकृती साधारण सोळा सेंटिमीटरांची. हे प्रमाण एकदा मनात ठसले, की रंगकामातले पुष्कळसे नियम आपोआप उलगडतात. प्रतिकृतीवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या गाडीवरचे चोवीस मिलिमीटर, जवळजवळ एक इंच. रंगाचा थर अवघा ०.०५ मिलिमीटर जाड झाला, तरी त्या हिशेबाने गाडीवर सव्वा मिलिमीटरचा गिलावा झाल्यासारखे होते. म्हणून एक जाड हात मारण्याऐवजी चार-पाच विरळ हात फवारायचे आणि प्रत्येक हाताला वाळायला सवड द्यायची.

दोन रंगांत पहिला मान कोणाचा? फिकट रंगाचा. पिवळा दिसायला प्रखर, पण अंगाने दुबळा. खालचे झाकण्याची शक्ती त्याच्यात फारशी नसते. काळ्यावर पिवळा मारला, तर तो हिरवट आणि मळकट दिसतो. करड्या अस्तरावरही तो विझल्यासारखा वाटतो. म्हणून आधी करडे अस्तर, त्याला पॉलिश पेपरचा हलका हात, मग टपावर पांढऱ्याचे दोन विरळ थर आणि त्यावर पिवळा. काळ्याला असल्या लाडांची गरज नसते. तो कशावरही बसतो. ज्याला आधाराची गरज आहे त्याला आधी बसवायचे आणि जो कुठेही निभावून नेईल त्याने मागून यायचे, हा क्रम रंगकामातला असला तरी कुठल्याही शहाण्या घराला ओळखीचा वाटावा.

पिवळा वाळला की नाही, हे बोटाने पाहू नये, नाकाने पाहावे. रंगाचा वास येत असेल तोवर तो आतून ओला आहे असे समजावे. वास पुरता गेल्यावरच त्यावर चिकटपट्टी लावायची. या पट्टीची गुंडाळीतली कड धूळ खाल्लेली असते, म्हणून ती काचेवर ताणून धारदार पात्याने नवी कड कापून घ्यावी. टपाच्या वळणावर रुंद पट्टी सुरकुतते. दोन मिलिमीटरची चिंचोळी पट्टी मात्र वळणाबरोबर वळते. रेघ त्या चिंचोळ्या पट्टीने आखायची आणि उरलेला टप रुंद पट्टीने व कागदाने झाकायचा. दात कोरण्याच्या काडीने पट्टीची कड हलकेच दाबून बसवायची.

यानंतरची युक्ती मला फार आवडते. काळा फवारण्यापूर्वी पट्टीच्या कडेवर पुन्हा एकदा तोच पिवळा फवारायचा. पट्टीखाली जिथे सूक्ष्म फट राहिली असेल तिथे रंग झिरपणारच. पण झिरपला तर पिवळ्याखाली पिवळाच झिरपेल आणि फट बुजवून टाकील. मग वरून येणाऱ्या काळ्याला आत शिरायला वाटच उरत नाही.

अमेरिकेतल्या १९५५च्या ‘शेवरले बेल एअर’सारख्या दुरंगी मोटारींवर रंगांचा सांधा झाकायला चकाकत्या धातूच्या पट्ट्या असत. प्रतिकृतीवरही तशी रुपेरी वर्खाची पट्टी डकवली, की खालची थोडीफार वाकडी रेघ लपते. आमच्या टॅक्सीच्या नशिबी हे श्रीमंती पांघरूण कुठले! तिथे पिवळा आणि काळा उघड्यावरच भेटत.

याच रेघेवरून माझ्यात आणि त्या चालकांत पेच पडला. टप झाकून तयार होता, तेव्हा ते पाहायला आले. म्हणाले, “फार सरळ आहे हो ही. माझी अशी नव्हती.” मग त्यांनी सांगितले. दरवर्षी पासिंगच्या आधी गाडी नव्याने रंगवावी लागे. पैसे वाचवायला ते टपाचे काम स्वतःच करीत. रात्री रस्त्याच्या दिव्याखाली, वर्तमानपत्र चिकटवून, ब्रशाने. डाव्या बाजूच्या मागल्या खिडकीवर हात अवघडे आणि तिथे रेघ दोनेक मिलिमीटर खाली उतरे. वर्षानुवर्षे तिथेच. टॅक्सीतळावर शंभर गाड्यांत ते आपली गाडी त्या वाकणावरून ओळखीत. गाडी भंगारात देतानाही त्यांनी शेवटची नजर तिथेच टाकली होती.

आता हिशेब पाहा. दोन मिलिमीटरांना चोविसांनी भागले, तर ०.०८ मिलिमीटर उरतात. म्हणजे माणसाच्या केसाची जाडी. मी ते वाकण प्रमाणात उतरवले, तर डोळ्यांना दिसणार नाही. दिसेल एवढे उतरवले, तर खऱ्या गाडीच्या मानाने ते इंचभर होईल. मी कागदावर तशी रेघ काढून दाखवली. ते हसले. “एवढी वाकडी मारायला मी काय झिंगलो होतो?”

दोन्ही वाटा बंद झाल्या. प्रतिकृतीचा प्रामाणिकपणा मापात असतो, अशी आपली समजूत. परंतु एका माणसाच्या तीस वर्षांच्या कष्टांची खूण त्या मापाच्या चाळणीतून खाली गळून पडत होती. लहान करताना वस्तू टिकते. हात टिकत नाही.

विचारांती मी डाव्या बाजूची पट्टी सोडवली आणि नवी कापून चिमट्यासह त्यांच्या हाती दिली. म्हटले, “दादा, ही तुम्हीच लावा.” त्यांनी चष्मा सारखा केला. पट्टी तीनदा लावली, तीनदा काढली. चौथ्यांदा ती बसली. कड दाबून पुन्हा पिवळा फवारला, मग काळ्याचे चार विरळ हात दिले. काळा पुरता कडक होण्याआधी पट्टी सोडवावी लागते, नाहीतर कडेला कपच्या उडतात. पट्टी स्वतःवरच दुमडून, अगदी सावकाश, मागे मागे ओढायची. तेही त्यांनीच केले.

रेघ स्वच्छ आली होती. डाव्या-उजव्या बाजूंत मला काही फरक दिसला नाही. भिंगातून पाहण्याचा मोह मी आवरला. त्यांनी मात्र मागल्या खिडकीवरून अंगठ्याचे नख हलकेच फिरवले. दोन रंग जिथे भेटतात तिथे एक अतिसूक्ष्म उंचवटा राहतो. नखाला तो लागतो. पुरता वाळल्यावर दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने तो घासून सपाट करण्याची रीत आहे.

“हे घासणार?” त्यांनी विचारले.

“रीत तशी आहे.”

“उजवीकडे घासा,” ते म्हणाले. “इकडचे राहू द्या.”

तसेच केले. ती गाडी आज त्यांच्या घरी दूरचित्रवाणी संचाशेजारी आहे. पाहुण्यांना ती फार सुबक वाटते आणि ते रंगकामाची स्तुती करतात. यजमान काही बोलत नाहीत. मात्र गाडी नेहमी डावी बाजू पुढे करून ठेवलेली असते.