मधली तार

हौशी रेडिओचे, म्हणजे ज्यास लोक हॅम रेडिओ म्हणतात त्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दोन वस्तू उभ्या राहतात : टेबलावरचे यंत्र आणि गच्चीवरचा अँटेना. ह्या दोहोंना जोडणारी जी तार भिंतीच्या कडेने मुकाट्याने वर जाते, तिची आठवण सहसा कोणास होत नाही. आज त्या तारेविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

निमित्त असे घडले. निपाणीकडील एका तरुणाने परीक्षा देऊन हौशी रेडिओचा परवाना मिळविला. घरची शेती थोडी, जमविलेले पैसे मोजकेच. तसा परवाना मजपाशीही काही वर्षांपासून आहे, म्हणून तो सल्ला विचारावयास आला. "फादर, सगळे पैसे मोठ्या यंत्रात घालतो. तार काय, बाजारात मिळेल ती ओढू," असा त्याचा बेत होता. मी त्यास म्हटले, "अरे, विहिरीवर मोठे इंजिन बसविले आणि पाट फुटका ठेवला, तर ऊस कशावर वाढेल? तुझ्या बाबांनाच विचार."

पाटाचा हा दाखला तारेस चांगला लागू पडतो. यंत्रातून निघालेली शक्ती अँटेनापर्यंत जाताना वाटेत थोडीथोडी उष्णतेच्या रूपाने मुरत जाते. किती मुरेल, हे तारेची जात, तिची लांबी आणि लहरीची कंपनसंख्या ह्या तिहींवर अवलंबून असते. आरजी ५८ ही बोटाहून बारीक, सुमारे ५ मिलिमीटर जाडीची तार स्वस्त व हाताळावयास सोपी. १४५ मेगाहर्ट्‌झवर तिचे ३० मीटर ओढले, तर रुपयातले जेमतेम चार आणेच वर पोहोचतात. सुमारे १० मिलिमीटर जाडीची आरजी २१३ वापरली, तर आठ आण्यांहून किंचित अधिक पोहोचतात. म्हणजे ५० वॅटचे यंत्र बारीक तारेवर आणि २५ वॅटचे यंत्र जाड तारेवर, दोन्ही अँटेनापाशी जवळजवळ सारखीच ठरतात. शिवाय दुरून आलेला क्षीण आवाज खाली उतरताना तीच पट्टी भरतो. बोलण्याची उणीव मोठ्या यंत्राने भरून काढता येईल. ऐकण्याची उणीव त्याने भरून निघत नाही.

मात्र ह्यावरून बारीक तार सर्वत्र त्याज्य, असे कोणी समजू नये. ७ मेगाहर्ट्‌झवर त्याच ३० मीटर आरजी ५८ मधून बारा आण्यांहून अधिक शक्ती पार होते. निपाणीहून पुण्याशी दिवसा ह्या लहरीवर बोलावयाचे असेल, तर जाड तारेसाठी कर्ज काढण्याचे कारण नाही. म्हणून प्रथम लहर ठरवावी, मग लांबी मोजावी आणि किंमत शेवटी विचारावी.

"टीव्हीची केबल चालेल का?" हा प्रश्न नेहमी येतो. यंत्रे ५० ओहमच्या तारेसाठी केलेली असतात. डिशची आरजी ६ ही ७५ ओहमची. तरीही ह्या तफावतीमुळे जोडापाशी परतणारी शक्ती शेकडा चारच्या आसपास असते, आणि वरच्या लहरींवर ती केबल आरजी ५८ हून पुष्कळ कमी शक्ती गिळते. गरिबाने ती अवश्य वापरावी. फक्त तिची बाहेरची जाळी बहुधा ॲल्युमिनियमची असते व तिच्यावर सोल्डर धरत नाही, म्हणून दाबून बसविण्याचे जोड घ्यावेत. दूरदर्शनच्या आरंभीच्या काळातील ३०० ओहमची चपटी वायर कित्येकांस आठवत असेल. तिच्या जातीच्या उघड्या जोडतारा शक्ती फार कमी खातात. पण त्यांना पत्र्यापासून, गजापासून दूर ठेवावे लागते आणि यंत्रापाशी जुळवणीचे साधन लागते.

आपल्या भागात तारेचा खरा शत्रू पाऊस. वरच्या जोडातून पाणी शिरले की ते जाळीतून खालपर्यंत झिरपते, तांबे काळे पडते. येथे एक फसवणूकही होते. खराब झालेली तार अँटेनाकडून परतणारी शक्तीही वाटेतच गिळते. त्यामुळे परतीची शक्ती मोजणारे मीटर पूर्वीपेक्षा चांगला आकडा दाखविते! आकडा उत्तम आणि आवाज मात्र शेजारच्या गावापर्यंतही नाही, असे झाले तर प्रथम तारेवर संशय घ्यावा.

हे सारे केवळ छंदाचे कौतुक नव्हे. २६ डिसेंबर २००४ रोजी सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद ह्यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचे पथक योगायोगाने अंदमानात होते. नेहमीचे दळणवळण कोलमडले असता त्यांच्या केंद्राने बेटांवरील लोकांची खुशाली मुख्य भूमीवर कळविली. आपल्याकडेही २०१९ च्या ऑगस्टात आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी महामार्गावर चढले व वाहतूक थांबली. अशा वेळी वीज जाते, मोबाईलचे मनोरे मुके होऊ शकतात. पलीकडच्या तीरावरून कोणी दुबळ्या बॅटरीवर औषध मागत असेल, तर त्याचे शब्द आपल्या तारेत मुरून जाता कामा नयेत.

त्या तरुणाने अखेर लहान यंत्र व जाड तार घेतली. इतरांसही माझे सांगणे एवढेच : मृगापूर्वी एकदा वर चढून जोड तपासावेत, त्यांवर रबरी चिकटपट्टी घट्ट गुंडाळावी, तार घरात शिरण्यापूर्वी खाली एक वळसा द्यावा म्हणजे पाणी तेथेच ठिबकेल. वळवाचे ढग दिसू लागताच ती यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. आणि नवी तार घेताना ती हातात धरून, उघडून, आतले तांबे पाहून मगच पैसे मोजावेत.