काळ्या पाटीची गाडी

अम्मीला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावं लागतं, म्हणून जुनी गाडी बघत होतो. एक स्वस्तात मिळत होती. आधी ती भाड्याने दिली जायची, गिऱ्हाइकाने स्वतःच चालवायची. नंबरप्लेट काळी, अक्षरं पिवळी. मीटरवर फक्त 40 हजार किलोमीटर, पण ब्रेकच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत.

मेकॅनिक म्हणाला, "भाई, ही शंभर जणांनी हाणलीय, जपली कुणीच नाही." शिवाय परमिट रद्द करून आरटीओत खासगी नोंदणी करायची, कराचा फरक भरायचा, हे सगळं माझ्याच माथी. जवळ पैसे मात्र गाडीपुरतेच.

अम्मी म्हणाली, "बेटा, रिक्षा उशिरा येते, पण येते. ही वाटेत थांबली तर?"

इसार दिला नाही. सध्या रिक्षानेच जातोय.